मुस्तफा जाडा काहून दिसते: जुन्या आर्केड गेमचं खरं रिझोल्यूशन

दिग्रसकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. जुन्या डेस्कटॉपवर मेम (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, ३२ इंची एलईडी टीव्ही एचडीएमआयनं जोडला, घरात २१ इंची जुना डब्बा टीव्हीपण पडून आहे. मुस्तफा जाडा दिसते, पॅकमॅन धुरकट दिसते, मॉर्टल कॉम्बॅट मधेमधे झटके मारते. विंडोजमधे ६४० बाय ४८०, ८०० बाय ६००, १०२४ बाय ७६८ सगळं लावून पाहिलं, फरक पडून नाही राहिला. "नेमकं कोणतं रिझोल्यूशन टाकू म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरसारखं दिसेल?"

एलईडीवर खेळायचं असेल तर उत्तर सोपं आहे भाऊ. विंडोजचं रिझोल्यूशन पॅनेलचं स्वतःचं जे आहे तेच ठेवा, त्याला हातच लावू नका, गेमच्या ओळी उभ्या दिशेनं पूर्ण पटीत मोठ्या करा, दोन पट, तीन पट, चार पट, मधलं काही नाही, आणि रुंदी मात्र चित्र ४:३ होईल तितकी ताणा. डब्बा टीव्हीचं उत्तर एकदम उलटं आहे, ते खाली सांगतो. आणि मॉर्टल कॉम्बॅटच्या झटक्याचा रिझोल्यूशनशी काही संबंधच नाही, तो हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा आजार आहे, तुम्ही पायाचं दुखणं दाताच्या डॉक्टरला दाखवून राहिले.

आता हे असं काहून ते समजून घ्या, नाहीतर प्रत्येक गेमला परत विचारत बसाल.

आर्केडचा बोर्ड म्हणजे आजच्यासारखा कॉम्प्युटर नव्हता की सेटिंगमधे जाऊन रिझोल्यूशन बदललं. बोर्डावर क्रिस्टल असतो, त्याच्या घड्याळावर एकेक पिक्सेल बाहेर पडतो, किती पिक्सेल झाले की ओळ संपली आणि किती ओळी झाल्या की चित्र संपलं हे सर्किटमधेच ठरलेलं. कॅपकॉमचा सीपीएस-१ बोर्ड घ्या. १९९१ चा स्ट्रीट फायटर टू त्यावरचा, आणि १९९३ चा आपला मुस्तफा, म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, तोही त्याच घराण्यातला. पिक्सेलचं घड्याळ ८ मेगाहर्ट्झ. एका ओळीला ५१२ पिक्सेलचा वेळ मिळतो, त्यातले दिसतात ३८४, बाकीचा वेळ ट्यूबमधला चित्र काढणारा बीम परत डावीकडे यायला जातो. एका चित्रात २६२ ओळी, दिसतात २२४. आता कॅल्क्युलेटर काढा, ८० लाखाला ५१२ नं भागा, १५,६२५ येते, म्हणजे सेकंदाला इतक्या ओळी. त्याला २६२ नं भागा, ५९.६३७ येते, म्हणजे सेकंदाला इतकी चित्रं. ३८४ बाय २२४ आणि ५९.६३७ हर्ट्झ, हे झालं मुस्तफाचं खरं रिझोल्यूशन, आणि यातला तिसरा आकडा पहिल्या दोघांइतकाच महत्त्वाचा आहे.

गंमत पाहा, आपल्या दूरदर्शनच्या पाल सिस्टिमची ओळींची फ्रिक्वेन्सीपण बरोब्बर १५,६२५ आहे, ६२५ ओळी गुणिले २५. म्हणूनच आमच्या तालुक्याच्या पार्लरमधे आणि जत्रेतल्या तंबूत प्लायवूडच्या डब्यात साध्या टीव्हीचाच ट्यूब आणि चेसिस बसवून काम भागत होतं, फक्त चित्र पन्नासच्या जागी साठच्या हिशोबानं येते म्हणून व्ही-होल्ड (चित्र वर-खाली पळू न देणारं बटण) आणि उंचीचा प्रीसेट थोडा फिरवावा लागे. पोट्टे म्हणायचे मशीन बाहेरून आणलं, आत ट्यूब कोणाच्या तरी घरच्या टीव्हीतला.

बाकीच्या गेमचे आकडे वेगवेगळे, त्यामुळे सगळ्यांना मिळून एक रिझोल्यूशन असूच शकत नाही. नाम्कोचा १९८० चा पॅकमॅन, घड्याळ ६.१४४ मेगाहर्ट्झ, ओळीला ३८४, चित्राला २६४ ओळी, म्हणून ६०.६०६ हर्ट्झ. त्यात मॉनिटर उभा बसवलेला, म्हणून आपल्या डोळ्याला २२४ रुंद आणि २८८ उंच. गॅलगापण तसाच. डाँकी काँग २२४ बाय २५६, तोही उभा. निओ जिओवरचे मेटल स्लग आणि किंग ऑफ फायटर्स ३२० बाय २२४, पण ५९.१८५ हर्ट्झ. इरेमचा १९८७ चा आर-टाइप ३८४ बाय २५६, हर्ट्झ फक्त ५५.०१७. आणि तुमचा मॉर्टल कॉम्बॅट, १९९२ चा, ४०० बाय २५४, हर्ट्झ ५४.७०७, हा आकडा लक्षात ठेवा. डेटोना यूएसएसारखे सेगा मॉडेल टूचे गेम ४९६ बाय ३८४ आहेत, ते २४ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २४ हजार ओळींच्या मॉनिटरचे, साध्या टीव्हीवर ते सरळ येतच नाहीत. आणि ॲस्टेरॉइड्स किंवा टेम्पेस्टला रिझोल्यूशनच नाही, तिथं बीम सरळ रेघच ओढते, पिक्सेल हा प्रकारच नाही, त्यामुळे ते गेम जितक्या मोठ्या रिझोल्यूशनवर चालवाल तितकं चांगलं.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. मेममधे गेम चालू असताना टॅब दाबा, माहितीच्या पानावर रुंदी, उंची, आडवा का उभा आणि हर्ट्झ सगळं लिहिलेलं येते. पहिले हे पान पाहायचं, मग सेटिंगला हात लावायचा. मी दुकानात कोणाचंही कॅबिनेट आलं तरी हेच करतो.

आता मुस्तफा जाडा काहून. ३८४ ला २२४ नं भागलं तर १.७१ येते, ४:३ म्हणजे १.३३. म्हणजे बोर्डातून जे चित्र निघते ते सरळ चौकोनी पिक्सेल धरून दाखवलं तर जवळजवळ आजच्या वाइडस्क्रीनइतकं पसरट होते. पण पार्लरमधला ट्यूब ४:३ च होता, त्यावर ते दाबून बसायचं, आणि कॅपकॉमच्या चित्रकारांनी ते ट्यूबवर पाहूनच काढलेलं होतं. त्यांचा पिक्सेल चौकोनी नव्हता, उभट होता, रुंदी ७ तर उंची ९ अशा मापाचा. तुमच्या सेटअपमधे एकतर मेममधलं "कीपॲस्पेक्ट", म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण राखायचं सेटिंग, बंद आहे आणि चित्र पूर्ण १६:९ पडदाभर ताणलं जाऊन राहिलं, किंवा टीव्हीच्या रिमोटवर झूम-वाइड असं काही लागलेलं आहे. दोन्ही तपासा. बाजूला काळे पट्टे आले की घरचे म्हणतात टीव्ही छोटा झाला, म्हणू द्या.

४:३ झालं की नाही हे तपासायला मुस्तफाच्या तोंडाकडे पाहू नका, डोळा लगेच सवय करून घेते. बऱ्याच बोर्डांना टेस्ट मोड असते, मेममधे एफ-टू दाबलं की त्यात जाता येते, त्यात उभ्या-आडव्या रेघांची जाळी दाखवायची सोय असते. निओ जिओत आहे, पॅकमॅनमधेही आहे. मोजपट्टी घ्या आणि सरळ पडद्यावरच्या चित्राची रुंदी-उंची मोजा. उंची ३० सेंटिमीटर असेल तर रुंदी ४० यायला पाहिजे. इतकं साधं आहे, पण दहातले नऊ जण मोजत नाहीत.

आता धुरकटपणाचं पाहू. तुमचा ३२ इंची टीव्ही बहुतेक १३६६ बाय ७६८ चा असेल. ७६८ ला २२४ नं भागा, ३.४३ येते. म्हणजे गेमची एक ओळ पडद्याच्या जवळजवळ साडेतीन ओळींत बसवायची. अर्धी ओळ तर असत नाही, मग दोनच रस्ते उरतात. एकतर काही ओळी तीन पिक्सेल जाड आणि काही चार, हिशोब केला तर २२४ पैकी १२८ ओळी तीनच्या आणि ९६ ओळी चारच्या, आणि पडदा वर-खाली सरकला की पेरणीत एक तास रुंद एक अरुंद पडल्यासारखं दिसते. नाहीतर मग दोन्हीच्या मधला रंग काढून पुसून टाकायचं, ते झालं धुरकट. तुम्ही विंडोजमधे ६४० बाय ४८० लावता तेव्हा हे दोनदा होते, एकदा मेम २२४ चं ४८० करते, मग टीव्हीच्या आतली चिप ४८० चं ७६८ करते, आणि त्या चिपवर आपला काहीच ताबा नाही. म्हणून म्हटलं की पॅनेलचं रिझोल्यूशन बदलू नका, जे काही मोठं करायचं ते मेमलाच करू द्या आणि एकदाच करू द्या.

तर मुस्तफासाठी ७६८ च्या पडद्यावर तीन पट, म्हणजे २२४ गुणिले ३ बरोबर ६७२ उंची, आणि ४:३ साठी रुंदी ८९६. वर-खाली ४८-४८ ओळींचा काळा पट्टा राहील, राहू द्या. आता ८९६ ही ३८४ ची पूर्ण पट नाही, पण आडव्या दिशेला थोडं पुसलेलं चालते, कारण जुन्या ट्यूबवर ओळीच्या आत पिक्सेल एकमेकांत मिसळतच होते, खरी धार होती ती ओळी-ओळींच्या मधे. म्हणून उभं कडक ठेवायचं आणि आडवं सैल सोडायचं.

मेमच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमधे यासाठी तीन ओळी आहेत. कीपॲस्पेक्ट १, अनईव्हनस्ट्रेच ०, आणि अनईव्हनस्ट्रेचएक्स १. तिसऱ्याचा अर्थच हा की पूर्ण पट नसलेली ताण फक्त आडव्या दिशेनं चालेल. फिल्टर ० करून पाहा, आवडलं नाही तर १ ठेवून प्रीस्केल ३ करा, त्यानं धार राहते आणि आडव्या दिशेचा खडबडीतपणाही जातो. मला दुसरं जास्त आवडते.

फुल एचडी असेल तर हिशोब बदलते. १०८० मधे चार पट म्हणजे ८९६ उंची, बराच पडदा रिकामा जाते. पाच पट केलं तर ११२०, म्हणजे ४० ओळी पडद्याबाहेर, गेमच्या भाषेत वरच्या चार आणि खालच्या चार ओळी कापल्या जातात. पार्लरच्या ट्यूबवरही कडेचं थोडं चित्र लाकडाच्या चौकटीमागे जातच होतं, म्हणून मी बहुतेकांना पाच पटच करून देतो, इंटओव्हरस्कॅन १ केलं की मेम हे करू देते. ज्या गेममधे स्कोअर अगदी काठाला चिकटलेला आहे तिथं नका करू.

टीव्हीच्या बाबतीत अजून एक भानगड आहे. १३६६ बाय ७६८ चा टीव्ही एचडीएमआयवर कॉम्प्युटरला सांगते की मी ७२० किंवा १०८० घेतो, आणि आत स्वतः ७६८ करते. झालं, परत दुहेरी पुसापुशी. पाहा, टीव्हीला मागं व्हीजीएचं पोर्ट आहे का, बऱ्याच जुन्या एलईडींना असते, त्यावर १३६० बाय ७६८ लावलं की बहुतेक टीव्ही पिक्सेलला पिक्सेल दाखवतात. मेनूत "जस्ट स्कॅन" किंवा "१:१" असं काही असेल तर ते चालू, गेम मोड चालू, शार्पनेस कमी, बाकी जे काही पिक्चर सुधारायच्या नावाखाली दिलेलं आहे ते बंद. त्याच्यापेक्षा चांगलं सांगू का, बँका आणि सरकारी कार्यालयातून निघालेले चौकोनी एलसीडी मॉनिटर भंगारात मिळतात. १५ इंची १०२४ बाय ७६८ चा खराखुरा ४:३ असते, त्यावर मुस्तफा ८९६ बाय ६७२ जवळजवळ पूर्ण भरून दिसते. १७ आणि १९ इंचीवाले १२८० बाय १०२४, ते ५:४ असतात, पण त्यात २२४ ची चार पट आरामात बसते. कॅबिनेट बनवायचं असेल तर ३२ इंची टीव्हीपेक्षा मी हेच घेईन.

पॅकमॅनचं थोडं वेगळं, आणि इथं चांगले-चांगले जाणकार गडबडतात. मॉनिटर कुशीवर पाडून उभा केलेला होता, म्हणजे ट्यूबच्या ओळीही उभ्या झाल्या! पॅकमॅनच्या स्कॅनलाइन, म्हणजे ओळींमधल्या काळ्या रेघा, वरून खाली जातात, डावीकडून उजवीकडे नाही. लोक सीआरटी शेडर, म्हणजे चित्र जुन्या ट्यूबसारखं दाखवणारा फिल्टर लावतात, त्यात आडव्या काळ्या रेघा येतात आणि म्हणतात किती ओरिजिनल दिसून राहिलं. नाही बावा, पॅकमॅनवर, गॅलगावर, डाँकी काँगवर त्या रेघा उभ्या पाहिजेत. उभ्या गेमसाठी सोपं काम करा, दोन्ही दिशेनं पूर्ण पट ठेवा, अनईव्हनस्ट्रेचएक्स ० करा. २२४ बाय २८८ चं प्रमाण ०.७७८ आहे आणि ३:४ म्हणजे ०.७५, फरक इतका कमी की कोणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या ७६८ वर दोन पट, ४४८ बाय ५७६, छोटं दिसेल पण काचेसारखं स्वच्छ. फुल एचडी मॉनिटर उभा करून ठेवला तर चार पट, ८९६ बाय ११५२. आणि प्रत्येक वेळी सेटिंग बदलत बसू नका, मेमच्या आयएनआय फोल्डरमधे उभ्या गेमसाठी व्हर्टिकल डॉट आयएनआय आणि आडव्यांसाठी होरिझाँट डॉट आयएनआय अशा वेगळ्या फाइल ठेवता येतात, मेम आपोआप ओळखून उचलते.

शेडरबद्दल माझं मत: आधी वरचं सगळं बरोबर करा, मगच शेडर लावा. शेडर हे गेमच्या मूळ ओळींवरून हिशोब करते, चित्र अपूर्ण पटीत ताणलेलं असेल तर त्यात लाटालाटा दिसायला लागतात, आणि ७६८ च्या पडद्यावर एका ओळीला तीनच पिक्सेल मिळतात, त्यात चांगला शेडर बसतच नाही. फोर-के पडद्यावर २२४ ची नऊ पट होते, २०१६, तिथं शेडरला जागा मिळते आणि ट्यूबचा जाळीदार फॉस्फरसुद्धा काढता येते. जुन्या डेस्कटॉपवर सीआरटी-रॉयलसारखं जड काही लावू नका, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरसाठी बनवलेला सीआरटी-पाय किंवा झेडफास्ट यांच्यावर काम भागते.

आता झटके. एलईडी ठरलेल्या ६० हर्ट्झवर चालते. मुस्तफा ५९.६३७. फरक सेकंदाला एक तृतीयांश फ्रेमचा (फ्रेम म्हणजे एक पूर्ण चित्र), म्हणजे दर पावणेतीन सेकंदाला एक फ्रेम दोनदा दिसते. बारीक नजरेच्या माणसालाच कळते. मॉर्टल कॉम्बॅट मात्र ५४.७, म्हणजे सेकंदाला पाचेक फ्रेम दोन-दोनदा दिसतात, पडदा सरकताना अडखळल्यासारखं होणारच. काही जुन्या गेममधे पात्राची सावली एकाआड एक फ्रेमला काढलेली असते, अर्धी पारदर्शक दिसावी म्हणून, तिथं तर फ्रेम गडबडली की सावली लुकलुकते. प्रोसेसर बदलून, रॅम टाकून हे जात नाही. एफ-११ दाबून पाहा, स्पीड १०० टक्के दाखवेल, म्हणजे कॉम्प्युटर बिचारा बरोबर चालून राहिला, पडदाच त्याच्या तालात नाही.

यावर तीन उपाय. पहिला फुकट, गेमलाच ६० वर ओढायचं. मेममधे सिंकरिफ्रेश १ केलं की होते, आवाजात कधीकधी खरखर येते. रेट्रोआर्क या मेमसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे हे जास्त सफाईनं होते, ते आवाजही त्या हिशोबानं जुळवून घेते, फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर. मुस्तफा ०.६ टक्के फास्ट होईल, मेटल स्लग १.४ टक्के, कोणाला कळत नाही. पण मॉर्टल कॉम्बॅट जवळजवळ १० टक्के फास्ट होईल, ते नका करू, खेळाची मजाच जाते, ज्याच्या हाताला त्याचं टायमिंग बसलेलं आहे त्याला पहिल्या फाइटमधेच समजेल. दुसरा उपाय म्हणजे फ्रीसिंकवाला, म्हणजे गेमच्या हर्ट्झप्रमाणे स्वतःचा हर्ट्झ बदलणारा मॉनिटर. आता साधे ७५ हर्ट्झचेही ४८ ते ७५ च्या पट्ट्यात फ्रीसिंक देतात, त्यात ५४.७ आणि ५५ दोन्ही बसतात. ग्राफिक कार्डानं साथ दिली पाहिजे, गेम फुलस्क्रीन पाहिजे, मेममधे सिंकरिफ्रेश आणि वेटव्हीसिंक दोन्ही ० ठेवा. एलसीडीवर आर-टाइप आणि मॉर्टल कॉम्बॅट असे नीट चालताना मी याच रस्त्यानं पाहिलेत. तिसरा उपाय ट्यूब, कारण ट्यूबला ५४.७ असो की ६०.६, तो बोर्डाच्या मागं-मागं चालते.

आता तुमच्या २१ इंची डब्ब्याकडे येऊ. तुमच्यासारखे बहुतेक जण एचडीएमआय टू एव्हीचा तो छोटा पांढरा डब्बा आणतात, दोन-अडीचशे ओळींचं चित्र टीव्हीवर पाहायचं म्हणून. पण तो डब्बा आतल्या आत सगळं ४८० किंवा ५७६ ओळींचं इंटरलेस करून सोडते. म्हणजे टीव्ही एका वेळी विषम ओळी आणि पुढच्या वेळी सम ओळी काढते, चित्र थरथरते आणि ओळींमधला काळा गाळा भरून निघते. पार्लरमधे असं नव्हतं. तिथं प्रत्येक चित्र त्याच त्याच २४० च्या आसपासच्या ओळींवर पडायचं, मधल्या ओळी कायम काळ्या, तीच ती स्कॅनलाइन. त्यामुळे डब्बा टीव्हीवर खरं रिझोल्यूशन पाहिजे असेल तर इंटरलेस नसलेला सिग्नलच द्यावा लागते, १५ किलोहर्ट्झचा.

सगळ्यात स्वस्त रस्ता रास्पबेरी पाय ३ आणि त्यावर रेट्रोपाय हे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर, त्यातच रेट्रोआर्क असते. त्याच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधूनच एव्हीचा सिग्नल निघते. कॉन्फिग फाइलमधे एसडीटीव्ही मोड १६ टाकला की ६० हर्ट्झचा इंटरलेस नसलेला एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही सिस्टिमचा सिग्नल मिळते. एचडीएमआयची वायर काढून ठेवा, नाहीतर तो तिकडेच चित्र पाठवते. इथं वायर पाहून घ्या. पायच्या पिनवर टोकाला डावा आवाज, मग उजवा आवाज, मग अर्थ (ग्राउंड), आणि सगळ्यात आत, बुडाशी, व्हिडिओ. बाजारात कॅमेऱ्याच्या म्हणून मिळणाऱ्या वायरींमधे अर्थ आणि व्हिडिओची जागा बरेचदा बदललेली असते, मग चित्र येतच नाही किंवा आवाजात गुंगुं येते, आणि माणूस पाय खराब आहे म्हणून परत करते. मल्टीमीटर लावा, पिवळ्या पिनचा मधला भाग बुडाशी वाजला पाहिजे.

चित्र आलं पण रंग नाही, काळं-पांढरं आहे, तर घाबरू नका. टीव्हीला एनटीएससीचा रंग समजून नाही राहिला. रिमोटच्या मेनूत कलर सिस्टिम ऑटो किंवा एनटीएससी ३.५८ करा, दोन हजार सालानंतरच्या बऱ्याच सेटमधे ते असते. नसलंच तर मोड १८, म्हणजे पालचा इंटरलेस नसलेला सिग्नल, रंग येईल पण ५० हर्ट्झ होईल, आणि साठचा गेम पन्नासवर अडखळत चालेल, दर सहा फ्रेममधली एक जाईल. पालमधे २८८ ओळी दिसतात, म्हणजे पॅकमॅनची पूर्ण उंची बरोब्बर बसते, पण हर्ट्झ मार खाते. टीव्ही उभा करून पॅकमॅन खेळायचा विचार मनात येईल, डब्बा टीव्हीच्या बाबतीत करू नका. रंगाचे डाग पडतात, हवा जायची झरोके बंद होतात, आणि इतका जड टीव्ही तोंडावर पडला तर पॅकमॅन राहून जाईल.

मुस्तफा या सिग्नलवर दाखवताना रेट्रोआर्कच्या व्हिडिओ सेटिंगमधे कस्टम व्ह्यूपोर्ट घ्या, उंची २२४ च, एक पट, एकही ओळ ताणायची नाही. रुंदी सिग्नलची पूर्ण. कडेला चित्र कापलं गेलं तर टीव्हीच्या सर्व्हिस मेनूतून रुंदी-उंची बसवता येते, पण आधी जुने आकडे कागदावर लिहून ठेवा किंवा मोबाइलनं फोटो काढा. टीव्हीचं मागचं झाकण मात्र उघडू नका, रंगीत ट्यूबच्या कॅपवर वीस हजार व्होल्टच्या वर असते आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ धरून ठेवते. ज्याचं रोजचं काम आहे त्यालाच द्या.

डेस्कटॉपवरूनच करायचं असेल तर जुनं रेडिऑन कार्ड, व्हीजीए पोर्टवालं, त्यावर सीआरटी इम्यूड्रायव्हर आणि ग्रूव्हीमेम. हे जोडकाम प्रत्येक गेमचा हर्ट्झ आणि ओळी वाचून तसाच्या तसा सिग्नल बनवते, मॉर्टल कॉम्बॅट खरंच ५४.७ वर चालते. पण ते आरजीबी, म्हणजे तिन्ही रंग वेगवेगळ्या वायरींवर देते आणि आपल्याकडच्या टीव्हीला पिवळ्या एव्हीशिवाय सहसा काही नसते, लाल-हिरवा-निळा कंपोनंट असेल तरच मधे एक कन्व्हर्टर टाकून जमते. एचडीएमआय कार्डवर ३२० पिक्सेलचा मोड बनवायला जाल तर बनणारच नाही, एचडीएमआयला किमान २५ मेगाहर्ट्झचं घड्याळ लागते आणि या सिग्नलचं ६ ते ८ च्या दरम्यान असते. आणि आर्केडचा किंवा टीव्हीचा ट्यूब व्हीजीएला जोडून कॉम्प्युटर चालू करू नका, बूट होताना ३१ किलोहर्ट्झ जाते आणि जुन्या चेसिसचा हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर उडू शकते.

भंगारात कॉम्प्युटरचा जुना जाड मॉनिटर दिसला तर सोडू नका. तो १५ किलोहर्ट्झ घेत नाही, पण ३२० बाय २४० ला १२० हर्ट्झवर चालवलं तर ओळींचा वेग ३१ च्या जवळ येते आणि काळ्या गाळ्यांसकट खऱ्या २४० ओळी दिसतात. प्रत्येक फ्रेम दोनदा येते म्हणून पळताना पात्र दुहेरी दिसते, रेट्रोआर्कमधे मधली फ्रेम काळी टाकायचं सेटिंग आहे, ते लावलं की जाते, उजेड निम्मा होते तेवढा ब्राइटनेस वाढवा.

तुमच्या डेस्कटॉपला ग्राफिक कार्ड कोणतं आहे आणि डब्बा टीव्हीच्या मागं कोणकोणते पोर्ट आहेत त्याचा फोटो टाका, मग ग्रूव्हीमेमचा खर्च करायचा की पाय ३ वरच भागवायचं ते सांगतो. लोडशेडिंगच्या भागात असाल तर कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही स्टॅबिलायझरवर ठेवा, व्होल्टेज पडलं की ट्यूबचं चित्र चारही बाजूंनी आकसते आणि माणूस परत रिझोल्यूशन बदलायला बसते.